थ्रेल्बीला अर्ल नाही

१७ नोव्हेंबर १९३३. थ्रेल्बी हॉल, यॉर्कशर

रोलंडला आज पुरलं. लायनेलचा थोरला भाऊ, स्कॅरोचा सातवा अर्ल, शिकारीत घोड्यावरून पडला आणि जागच्या जागी गेला. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, फार वाटलं नाही. माझ्या लग्नाला वीस वर्षं होत आली, तेवढ्या काळात त्याने माझ्याशी घोड्यांखेरीज दुसरा विषय काढला नाही, आणि मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नाही.

त्याची पहिली बायको मूल न होताच वारली. दुसरी, मेव्हिस, येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हणजे आता किताब माझ्या नवऱ्याकडे आला. लायनेल, जो सफोकच्या किनाऱ्यावर एका भागीदाराबरोबर लहान होड्या बांधतो आणि डांबराचे हात तसेच घेऊन जेवायला बसतो, तो आठवा अर्ल. मी काउंटेस. आमच्या तिन्ही मुली आता मिस फेनवोल्ड नाहीत, लेडी सिबिल, लेडी डॅफ्नी आणि लेडी पेग आहेत. पेगच्या गुडघ्यांना कायम खरचटलेलं असतं, ते आता लेडीचे गुडघे झाले.

चर्चमधून परत आल्यावर बटलर प्रॉक्टरने गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "पायरी जपून, लेडीसाहेब." मेव्हिस मागून आली की काय म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो मलाच म्हणाला होता. रोलंडची माती अजून ओली आहे हे मला माहीत आहे, तरी तो एक शब्द मी जिना चढेपर्यंत मनात घोळवत होते.

२९ नोव्हेंबर

आज सकाळच्या टपालाने लंडनहून माझी नवी कार्डं आली. वर बारीकसा मुकुट, खाली 'द काउंटेस ऑफ स्कॅरो'. घाई केली हे खरं, पण वीस वर्षं थांबलेल्या बाईने केलेली घाई ती. मी ती न्याहारीच्या टेबलावर, टोस्टच्या आड ठेवून पाहत होते, तेवढ्यात मेव्हिस म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना एक सांगायचं राहिलंय. मला जूनमध्ये मूल होणार आहे."

लायनेलचा काटा बशीवर वाजला.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "हे तू आत्ता सांगतेस?"

"मला कोणी विचारलंच नाही, आईसाहेब."

"असल्या गोष्टी विचारत नाहीत. सांगतात."

"आमच्याकडे विचारतात," मेव्हिस म्हणाली. तिच्या वडिलांचा लीड्सला बिस्किटांचा कारखाना आहे. तिकडे काय विचारत असतील नि काय नाही, देव जाणे. पण पोरीचं म्हणणं चूक नाही. वकील आले, बिशप आले, दोन ड्यूक येऊन गेले, सगळे तिच्यासमोर चहा प्यायले, आणि सव्वीस वर्षांच्या विधवेला हा एक साधा प्रश्न विचारायचं कोणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर शोभलं नाही. अशी चूक फक्त आमच्यासारख्यांनाच जमते.

मग एकदम लायनेल हसला. मोठ्याने, लहान मुलासारखा. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा. धक्क्याने माणसाचं असं होतं म्हणतात. मी टेबलाखालून त्याचा हात दाबला.

कार्डं ट्रंकेच्या तळाशी ठेवली. हातातोंडाशी आलेला घास, आणि तोही टोस्टच्या आडून गेला.

३० नोव्हेंबर

घराण्याचे वकील मि. टिलोटसन आले होते. त्यांनी घसा साफ करत सगळं समजावून सांगितलं. मूल जन्मेपर्यंत स्कॅरोला अर्ल नाही. मुलगा झाला तर पहिल्या रडण्याबरोबर तो अर्ल. मुलगी झाली, किंवा, देव न करो, काहीच झालं नाही, तर लायनेल अर्ल, आणि तोही रोलंड गेला त्या दिवसापासून धरला जाणार. पण तोवर लायनेल कोणीही नाही.

"कोणीही नाही," लायनेल म्हणाला. "हे मला लेखी मिळेल का?"

टिलोटसनना हे विनोद कळत नाहीत. मलाही आज कळला नाही.

मनोऱ्यावरचं निशाण खाली उतरवलंय. अर्ल नाही तर निशाण कोणाचं? नुसती काठी उभी आहे. संध्याकाळी प्रॉक्टरने माझ्यासाठी दार उघडलं आणि "गार वारा सुटलाय, बाईसाहेब," म्हणाला. लेडीसाहेबची बाईसाहेब करताना त्याची भुवईसुद्धा हलली नाही. मला त्याचं कौतुक वाटलं आणि त्याच्या नडगीवर लाथ घालावीशीही वाटली.

९ डिसेंबर

लायनेल मुलींना घेऊन सफोकला परत गेला. मी नाही. सासूबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितलं की मूल होईपर्यंत मी इथे राहायचं आणि मेव्हिसची काळजी घ्यायची.

"मी? आईसाहेब, नर्स ठेवता येईल की."

"नर्स ठेवूच. पण हे मूल झाल्याने ज्या बाईचं नुकसान होणार आहे, तीच बाई त्याला जपताना दिसली पाहिजे. उद्या काही बरंवाईट झालं तर यॉर्कशरमधल्या जिभा कोणावर चालतील? तुझ्यावर. मग तुझा नवरा अर्ल झाला तरी त्या डागासकट होईल."

"आणि तुम्हाला वाटतं मी..."

"मला काही वाटत नाही, हेस्टर. मी पंचावन्न वर्षं या घरात आहे. इथे काय वाटतं याला महत्त्व नाही, काय दिसतं याला आहे."

असं आहे. माझ्या मुलींचा किताब जिच्या पोटात आहे तिला मी आता दूध आणि उकडलेले प्लम नेऊन देणार. सिबिलला लवकरच सतरा पूर्ण होतील. वर्षभरात तिला समाजात आणायचं, दरबारात न्यायचं. लेडी सिबिलला दहा घरांची दारं उघडतील. आमच्या भाड्याच्या घराच्या भिंतींना ओल येते, तिथल्या मिस फेनवोल्डला दोन उघडली तरी पुष्कळ. मला मुकुट हवा आहे तो यासाठी. निदान मी स्वतःला तसं सांगते. मुकुट मुकुट म्हणूनही हवा आहे. वीस वर्षं मी या घरात प्रत्येक दारातून शेवटी आत गेले आहे.

११ जानेवारी १९३४

बर्फ पडतंय. बाहेर जाता येत नाही म्हणून सासूबाईंनी मेव्हिसला वरच्या लांब दालनात घराण्याचा इतिहास शिकवायला घेतलंय. मी शाल घेऊन मागे मागे.

पहिल्या अर्लने, राजा जीव घेऊन पळत असताना, त्याला तीन रात्री धान्याच्या कोठारात लपवलं. राजा गादीवर परत आला आणि किताब मिळाला. सासूबाई हे असं सांगतात की कोठाराची किल्ली जणू त्यांच्याच कमरेला होती. दुसऱ्याने निम्मी जमीन पत्त्यांत घालवली. तिसऱ्याने ती एका बहिऱ्या वारसदारणीशी लग्न करून परत आणली आणि तरुणपणीच ज्वराने गेला. मग त्या चौथ्या चित्रापाशी आलो. निळ्या मखमलीतला सहा वर्षांचा मुलगा, एक हात शिकारी कुत्र्याच्या डोक्यावर.

"हा तुझ्यासारखाच," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या मुलासारखा. बाप गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मला. जन्मतःच अर्ल."

मेव्हिसने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "आणि याची आई?"

"कोणती आई?"

"याची. ती कुठे आहे?"

"चित्रात? ती कशाला असेल? चार वर्षांचा झाल्यावर विश्वस्तांनी त्याला ताब्यात घेतलं. तिला हॅरोगेटला घर दिलं होतं. चांगलं घर होतं, बाग वगैरे. वर्षातून दोनदा येऊन भेटायची."

"आणि आताही तसंच करतात?"

"छे, काळ बदललाय. आता आठव्या वर्षी शाळेत पाठवतात. तोवर इथली नर्सरी आहे, विश्वस्त आहेत, मी आहे."

"मुलगी असती तर?"

"मुलींची चित्रं मागच्या जिन्यात आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि पाचव्या अर्लकडे वळल्या.

मेव्हिस मात्र तिथून हलेना. त्या मखमलीच्या पोरावरून तिची नजर निघत नव्हती. आई होणारी बाई, तिला अशी स्वप्नं पडायचीच. मला मत्सर वाटला. परत येताना मी तिचा दंड धरून म्हटलं, "मुलगाच होईल बघ." कोणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते मीच म्हणणं शोभून दिसलं असतं. तिने माझा हात घट्ट धरला. तिचा हात थंडगार होता.

४ फेब्रुवारी

मेव्हिसचे वडील मि. ऑर्मरॉड भेटायला आले. रुंद, लाल, भला माणूस. सासूबाईंनी त्यांच्याशी हवामानावर बोलायचं ठरवलं आणि तेवढंच बोलल्या. त्यांनी बिस्किटांचा एक मोठा डबा आणला होता. झाकणावर खंड्या पक्षी, इतका जिवंत की आता मासा उचलेल.

"हे हिनेच काढलंय," ते मला म्हणाले. "आमच्या डब्यांवरची सगळी चित्रं ही काढायची. लग्नानंतर दुसरा माणूस ठेवला, पण त्याची बदकं हिच्या बदकांपुढे मेल्यासारखी दिसतात." मग मुलीकडे वळून जरा हळू म्हणाले, "तुझं टेबल खिडकीपाशी तसंच ठेवलंय, बाळ. कोणाला बसू देत नाही."

मेव्हिस उठून खिडकीपाशी गेली. बापाचं मन म्हणून मी समजू शकते, पण थ्रेल्बी सोडून बिस्किटांच्या कारखान्यातल्या टेबलाशी कोण जाणार आहे?

आम्ही तिघी रात्रीच्या जेवणाला जाताना अजूनही क्रमानेच जातो: सासूबाई पुढे, मग मेव्हिस, मग मी. गंमत अशी की मी काउंटेस झाले तरी हा क्रम बदलणार नाही. आधीच्या अर्लची विधवा आत्ताच्या अर्लच्या बायकोच्या पुढे. दोन विधवा माझ्यापुढे, म्हणजे मी तिसरीच. मेव्हिसला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. "मग यासाठी कोणी भांडतं तरी कशाला?" म्हणाली. मीही हसले.

२० फेब्रुवारी

हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते.

सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे यॉर्कला गेल्या होत्या. दुपारी ऊन पडलं म्हणून आम्ही दोघी तबेल्याकडे निघालो. बाजूच्या दगडी पायऱ्यांवर बर्फाची पातळ साय धरली होती. मेव्हिस पुढे होती. ती घसरली, तीन-चार पायऱ्या खाली गेली आणि उठेना.

मी उभी राहिले. एक श्वास असेल, दोन असतील. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्या श्वासात मला सगळं दिसलं: मनोऱ्यावर निशाण, पांढऱ्या झग्यातली सिबिल, ट्रंकेच्या तळाची कार्डं. मी कुणाला ढकललं नव्हतं. फक्त खाली जायला जरा उशीर केला असता तरी पुरे होतं.

मग ती म्हणाली, "हेस्टर." नुसतं नाव.

मी पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. फरकोट काढून तिच्याखाली घातला आणि ओरडत सुटले. बेचाळीस वर्षांत मी कधी ओरडले नव्हते. माझा आवाज इतका कर्कश आहे हे मला माहीत नव्हतं. तबेल्यातली माणसं धावली, तिला आत नेलं. डॉक्टर येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते. थोडा रक्तस्राव होत होता.

"मला हे मूल हवंय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हेस्टर, मला हवंय हो."

"राहील, राहील. मुलगाच असेल, तो असा सहजी जायचा नाही," मी म्हटलं.

त्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रडू लागली. बिचारीला आशेचंही ओझं झालंय.

डॉक्टर म्हणतात मूल ठीक आहे. महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही. संध्याकाळी सासूबाई आल्या, सगळं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. यापूर्वी त्यांनी कधी ठेवला नव्हता. मला तो झटकून टाकावासा वाटला.

२ एप्रिल

ईस्टरसाठी लायनेल आला. बरोबर मोठं खोकं. त्यात पाळणा. त्याने स्वतः बांधलेला, होडीसारखा, फळ्यांवर फळ्या चढवून, तांब्याच्या खिळ्यांचा. हात फिरवला तर कुठे कुसळ लागत नाही. सफोकला सोडलं तर पाण्यावर तरंगेलसुद्धा.

"पुतण्यासाठी," तो म्हणाला.

मला भरून आलं. ज्या मुलामुळे आपलं सगळं जाणार, त्याच्यासाठी हा माणूस सबंध हिवाळाभर बसून पाळणा करतो. इतकं मोठं मन मला नाही. मी त्याला तसं म्हटलं तर तो गोंधळला, "अगं मन कसलं, लाकूड उरलं होतं," म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "स्कॅरोचा वारस ओकच्या पाळण्यात निजतो. तीनशे वर्षांचा आहे तो. धाकटी मुलं आणि मुली त्यात नसतात."

"मग हा जवळ असू दे, आई," लायनेल म्हणाला. "एखादे वेळी ओक टोचला तर."

तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना त्याने हळूच सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन मोठ्या होड्यांचं काम घेतलंय. मी म्हटलं, हा काय वेडेपणा, जूनमध्ये काय होईल कोणाला ठाऊक. "जूनपर्यंत तरी मी मीच आहे," तो म्हणाला. "आणि मुलगाच होईल, हेस्टर. मला खात्री आहे." माझी समजूत काढत होता, मी फार आशा धरू नये म्हणून. मी मान हलवली.

६ मे

मेव्हिस आता बागेत बसते आणि चित्रं काढते. आज कागद माझ्यापासून लपवायला लागली. मी ओढून घेतला तर त्यावर सासूबाई, हुबेहूब, फक्त अंडी उबवणारी कोंबडी करून. खाली पाच अंडी आणि प्रत्येकावर मुकुट. मी इतकी हसले की माळी पाहायला लागला. दुसऱ्या कागदावर मी होते, पायऱ्यांवर गुडघे टेकून, केस सुटलेले.

"माझं नाक एवढं आहे?"

"एवढंच आहे. पण चांगलं आहे. त्या दिवशी पडल्या पडल्या मला वर फक्त तेच दिसत होतं आणि मला वाटलं, आता काही होणार नाही मला."

मी तो कागद मागून घेतला. तिला पायऱ्यांवरचा तो एक श्वास माहीत नाही. कधी सांगायचाही नाही.

मला आता काय हवंय? रोज रात्री मी प्रार्थना करते आणि रोज रात्री मुलगी मागते. मागून झाल्यावर लाज वाटते, कारण मुलगी झाली तर ही पोर मोडून पडेल, आणि मला ही पोर आवडायला लागली आहे. तरी दुसऱ्या रात्री पुन्हा मागतेच.

१४ जून

मुलगी.

सकाळी अकरा वाजता डॉक्टर बाहेर आले. बाहेरच्या लांब व्हरांड्यात सासूबाई, काल आलेला लायनेल, मी आणि प्रॉक्टर. डॉक्टर म्हणाले, "मुलगी आहे. दोघी अगदी छान आहेत."

सासूबाईंनी रुमालाची घडी घातली. रोलंड त्यांचा लाडका होता. त्याचं काही मागे राहील असं त्यांना वाटत असणारच. ती घडी पुरी होईपर्यंत त्या कोणाकडे पाहत नव्हत्या. मग लायनेलपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मान किंचित लववून म्हणाल्या, "स्कॅरो."

लायनेल पांढराफटक पडला. "आई, मला लायनेल म्हण."

"या घरात अर्लला नावाने हाक मारत नाहीत. तुझ्या वडिलांना मी लग्नाच्या दिवसापासून स्कॅरोच म्हणत होते. प्रॉक्टर, निशाण चढवायला सांग. आणि चर्चला माणूस पाठव, घंटा सुरू करा म्हणावं. थ्रेल्बीला अर्ल आहे."

"होय, लेडीसाहेब," प्रॉक्टर म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून तितक्याच गंभीरपणे, "अभिनंदन, लेडीसाहेब."

मी या शब्दाची सात महिने वाट पाहिली होती. ऐकला, आणि माझ्या लक्षात आलं की आतल्या खोलीत अजून कोणी गेलं नाहीये. सगळे लायनेलभोवती. बंद दारापलीकडे एक बाई नुकती बाळंत झाली आहे हे जणू कालचं काम होतं.

मी आत गेले. मेव्हिस उशीला टेकून बसली होती, गाल ओले, आणि हसत होती. "हेस्टर, मुलगी आहे ना? नक्की? डॉक्टरांनी नीट पाहिलं ना?"

बिचारीला अजून वाटत होतं की चूक असेल. "नक्की मुलगीच," मी शक्य तितक्या मऊपणे म्हटलं. ती आणखी हसायला लागली आणि आणखी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मूल लाल आणि चिडलेलं होतं, ऑर्मरॉडांसारखं रुंद कपाळ.

तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. खिडकीची काच थरथरली.

"हे कशाचं?" तिने विचारलं. मग तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "माझ्या मुलीसाठी? मला वाटलं होतं मुली झाल्या तर वाजवत नाहीत."

माझ्या तिघी झाल्या तेव्हा घंटा काय, इथून एक ओळ आली नव्हती. सहाही घंटा माझ्या नवऱ्यासाठी वाजत होत्या, म्हणजे माझ्यासाठी.

"आता वाजवतात," मी म्हटलं. "तिच्यासाठीच आहेत."

१५ जून

ओकचा पाळणा वरून खाली आणलाच नाही. पोर होडीत झोपली आहे. लायनेल तिच्याजवळ तासभर बसला होता.

मी ट्रंकेतली कार्डं काढली. कडा जरा पिवळ्या झाल्यात, पण चालतील. सिबिलला तार केली.

९ जुलै

मेव्हिस गेली.

चार दिवसांपूर्वी तिने सासूबाईंना विचारलं की बाळाला घेऊन लीड्सला वडिलांकडे राहायला जाऊ का. मी धसकले, आता वादळ होणार. सासूबाई वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाल्या, "जा की. मुलगी आहे." इतकंच. मुलगा असता तर त्याला फाटकाबाहेर न्यायलाही विश्वस्तांची सही लागली असती.

मि. ऑर्मरॉड गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर पाळणा बांधला. निरोपाला मी एकटीच पायऱ्यांवर होते. मेव्हिसने मला मिठी मारली आणि सोडेना.

"हेस्टर, एक सांगायचंय, नाहीतर मला झोप लागायची नाही. मी रोज रात्री मुलगी मागत होते. त्या निळ्या मखमलीतल्या पोराचं चित्र पाहिलं त्या दिवसापासून. मुलगा झाला असता तर तो यांचा झाला असता, आणि मला हॅरोगेटला घर."

मी तिच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं.

"आणि तुमच्याकडे पाहून मला इतकं अपराधी वाटायचं," ती म्हणाली. "स्वतःचं सगळं जाणार, तरी तुम्ही माझ्यासाठी मुलगा मागत होता. रोज म्हणायचात, मुलगाच होईल. तुमच्याएवढ्या चांगल्या बाईला मी फसवतेय असं वाटायचं."

"मी..." मी म्हटलं. ती माझा गाल पुसत होती, जणू मीच तिच्यापेक्षा लहान. मग मोटार सुरू झाली. वळणावर तिने हात बाहेर काढून हलवला. मी तिला इतक्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

पाच महिने आम्ही दोघी एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकच गोष्ट मागत होतो, आणि रोज सकाळी मी तिला उलट्याच गोष्टीचा धीर देत होते. हे मी तिला सांगायला हवं होतं. निदान ती गाडीत माझ्यावर पोट धरून हसत तरी गेली असती, माझ्याविषयी इतकं चांगलं मत घेऊन गेली नसती.

आत आले तर लायनेल खालच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. रोलंडचा काळा कोट अंगात. खांद्याला मोठा होतो. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बघत होता. हात स्वच्छ होते. गेल्या आठवड्यात त्याने भागीदाराला कळवलं की दोन्ही होड्या त्यानेच पुऱ्या कराव्यात.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"मग आता आपणही निघू या ना?" तो म्हणाला. "घरी?"

तो थट्टा करत नव्हता. विचारून झाल्यावर त्यालाच आठवलं, आणि त्याने मान खाली घातली. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. काउंटेसने असं बसायचं नसतं. मला त्याला खूप काही विचारायचं होतं, जे वीस वर्षांत कधी विचारलं नाही. हा किताब तुला हवा आहे का, एवढंही नाही. हवाच असेल असं मी धरून चालले होते.

जेवणघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. "स्कॅरो, जेवण थांबलंय."

तो तसाच बसून राहिला. त्यांनी पुन्हा हाक मारली. तरी त्याने वर पाहिलं नाही.

मी त्याच्या बाहीला हात लावला. "लायनेल," मी म्हटलं, "तुला बोलावताहेत."